मान्य की हरकत

चष्मेवाल्यांनी माऊस टेबलावर आपटला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून जाहीर केलं, "तुझी लेक आता खोटंही बोलायला लागली."

बायको इस्त्री करत होती. तिने मान वर केली नाही. शाबासकीच्या वेळी 'माझी' असणारी मुलगी तक्रारीच्या वेळी 'तुझी' कशी होते, हे कोडं तिने केव्हाच सोडून दिलं होतं. काय केलं तिने, एवढंच तिने विचारलं.

काय केलं ते पडद्यावर होतं. चष्मेवाले हौशी रेडिओवाले. दिवसभर खाली दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायचे आणि वर घरात बसून हवेतून जगभरच्या माणसांशी गप्पा मारायच्या, हा त्यांचा जन्माचा नाद. या मंडळींचा एक रिवाज आहे. रेडिओवर बोलणं झालं की ते क्लबच्या वेबसाइटवर नोंदवायचं. कधी बोललो, आवाज कसा आला, सगळं. एकाने नोंदवलं की दुसऱ्याच्या खात्यावर दोन बटणं उमटतात, 'मान्य' आणि 'हरकत'. समोरच्याने 'मान्य' दाबलं तरच ते बोलणं झालं असं धरतात. एकट्याच्या सांगण्याला तिथे कुत्रं विचारत नाही.

आणि आज लेकीने चक्क बापाशी बोलल्याची नोंद केली होती. शेऱ्यात लिहिलं होतं, 'आवाज स्वच्छ. बाबा खुशीत. बराच वेळ बोललो.'

बोललो म्हणे. वर्ष होत आलं, बापलेकीत अवाक्षर नव्हतं.

भांडणाचं मूळ हीच वेबसाइट. क्लबची स्पर्धा होती. लेक नोकरीच्या गावाहून तहानभूक विसरून बोलत राहिली आणि सगळ्यांच्या पुढे गेली. नोंदी तपासायचं काम चष्मेवाल्यांकडे. नोंदीत वेळ लिहायची ती जागतिक घड्याळाची, म्हणजे कुठल्याही दोन देशांतल्या माणसांची जुळते. पोरीने घाईघाईत भिंतीवरच्या घड्याळाची लिहिली. बापाने झाडून सगळ्या नोंदी बाद केल्या. पहिला नंबर भलत्यालाच गेला, आणि तिला ते कळलं क्लबच्या पत्रकातून. तिचा फोन आला तेव्हा ती भांडली नाही.

"बाद करा, बाबा. पण आधी तुम्ही मला एक फोन करायला हवा होता," ती म्हणाली.

घरच्यांना वेगळा नियम नाही, असं चष्मेवाले बाणेदारपणे म्हणाले. तेव्हापासून ती फोन करते तो आईला, आणि आई दोघांमध्ये टपालखातं चालवते.

हा बाणेदारपणा त्यांना चांगलाच महागात पडला होता. दुसऱ्यांच्या नोंदी ते अजून तपासत, पण स्वतःचा सेट चादरीखाली झाकलेला होता. हवेत कोणाचाही आवाज येवो, तो तिचा नसायचा, आणि मग त्यांचं कशातच मन लागत नसे. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोला न सांगताच कळलं होतं.

"घ्या हरकत," नोंदीचं सगळं ऐकून बायको आतून म्हणाली. "म्हणजे उरलंसुरलंही संपेल."

ती उगाच बोलत नव्हती. खोट्या नोंदीला क्लबात एकच शिक्षा होती, नाव कमी करणं. तो नियमसुद्धा चष्मेवाल्यांनीच मोठ्या हौसेने करून घेतला होता. आता मागे कसं फिरणार? त्यांनी 'हरकत' दाबलं. अर्ज उघडला. कारण काय, तर 'असं बोलणं झालेलं नाही.' नोंद कधीची, तर... इथे त्यांनी सवयीने जागतिक वेळेवरून आपली वेळ काढली.

बोटं थांबली. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आज वार कोणता?"

"शनिवार. का हो?"

नोंद रविवारची होती. उद्याच्या.

वेबसाइटला कालचं काय नि उद्याचं काय, भराल ते ती मुकाट घेते. ते शेऱ्यातच अडकले होते. गावभराच्या नोंदी बारकाईने तपासणाऱ्या माणसाने लेकीच्या नोंदीची तारीखच पाहिली नव्हती. वेळ तिने जागतिक घड्याळाची, अगदी बिनचूक लिहिली होती. इथल्या घड्याळात ती दुकान उघडण्याआधीची निवांत वेळ निघत होती. लेक शिकायला बाहेर होती तेव्हा दर रविवारी दोघं याच वेळेला रेडिओवर भेटायची.

त्यांनी शेरा परत वाचला. बाबा खुशीत. त्यांना लेकीची इतकी आठवण आली की पडदा दिसेना.

बायको इस्त्री बंद करून दारात येऊन उभी राहिली. अहो, झालं काय, ती विचारत राहिली. अर्ज त्यांनी रद्द केला. मग आयुष्यात पहिल्यांदाच चष्मेवाल्यांनी न झालेल्या बोलण्यावर 'मान्य' दाबलं, आणि ते खोटं ठरू नये म्हणून बायकोला शिडी धरायला सोबत घेऊन अँटेनाची लोंबलेली तार बांधायला गच्चीवर गेले.