अजयच्या पेट्या

स्पीकरच्या पेटीच्या तोंडावरची जाळी निघेना. नागसेननं गंजलेल्या स्क्रूत पेचकस रुतवला, दोन्ही हातांनी पिळला आणि दम खात पडवीच्या भिंतीला टेकला. रेल्वेच्या रुळांवरची नोकरी संपली होती, पण गुडघ्यांतलं दुखणं तेवढं त्यानं घरी आणलं होतं.

"राहू द्या ना तसंच," मनकर्णा दारातून म्हणाली. "काऊन उघडून राह्यले?"

"संघप्रियाच्या लग्नात वाजतीन."

"नागभीडात भाड्यानं साउंड भेटत नाई का?"

"घरचा असताना भाड्याचा कायले?"

मनकर्णा आत गेली. लग्न ठरल्यापासून ती अशीच आत जात होती.

बेसच्या या दोन्ही पेट्या अजयनं, त्यांच्या मुलानं, स्वतः बनवल्या होत्या. प्लायवूड कापण्यापासून काळा रंग मारण्यापर्यंत सगळं इथं पडवीतच झालं होतं. तो फळीला करवत लावायचा तेव्हा दुसरं टोक संघप्रिया धरायची. मग एका गावच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या जत्रेत, साउंड वाजवून परत येताना जंगलातल्या वळणावर गाडी नाल्यात उलटली. अजय जागीच गेला. पेट्या कुणीतरी पाण्यातून काढून घरी आणून टाकल्या. त्यानंतर त्यांना कुणी हात लावला नव्हता.

जाळी निघाली. आतल्या स्पीकरचा कागद सडून लोंबत होता, लोखंडाला गंजाचे पापुद्रे सुटले होते, आणि तळाशी उंदरांनी कापूस जमवला होता. नागसेननं तो झाडून काढला.

नवे स्पीकर त्यानं नागपूरहून मागवले होते. माप तेच, अठरा इंची, पण त्यांची भोकं जुन्या भोकांवर बसेनात. जुनी भोकं लाकडी खुंट्यांनी बुजवायची, नवी पाडायची. ड्रिल हातात थरथरायचं. दुपार तशीच गेली.

संघप्रिया शाळेतून आली. ती गावातल्या शाळेत लहान वर्गांना शिकवायची. पिशवी खुंटीला अडकवून ती त्याच्याशेजारी बसली.

"बाबा, हे कराच लागते का?"

"त्यानं बनवल्या. तुह्या लग्नात वाजल्या पायजे."

"आईले त्रास होते."

"मलेही होते. पण असं किती दिवस बसाचं?"

तिनं खाली पडलेला लाकडाचा भुसा हातानं गोळा केला. मग म्हणाली, "आई लग्नाले येणार नाई म्हणते."

"येईन ते."

"नाई आली तर मी बी उभी राहत नाई, बाबा. राजदीपले सांगून देलं मी तसं."

"मंग? काय म्हणे तो?"

"थांबतो म्हणे."

नागसेननं नवा स्पीकर उचलला. जड स्पीकर त्याच्या हातून निसटायला लागला तसा तिनं खालून धरला. दोघांनी मिळून तो पेटीत बसवला, मग दुसरा. तारा लावल्या. अ‍ॅम्प्लिफायर सुरू करून नागसेननं एक ढोलाची धून लावली.

आवाज आला, पण पोकळ. ढोल कुठेतरी दूर पत्र्याच्या डब्यावर वाजतोय असं वाटत होतं. नागसेन आवाज वाढवत गेला, मग बंद करून खालीच बसला.

"जमलं नाई," तो म्हणाला. "मायं चुकलंच असन सगळं."

संघप्रियानं भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. एका पेटीची तार सोडवून तिची टोकं सेलला टेकवली. स्पीकरचा कागद हलकेच बाहेर आला. दुसऱ्या पेटीचा आत गेला.

"एकाच्या तारा उलट्या लागल्या. एक ढकलते, दुसरा ओढते, मंग बेस राहतच नाई. अजय असंच पाहे."

तिनं तारा बदलल्या.

आता धून लागली तशी पडवीची कौलं हलली. आढ्यावरची धूळ खाली आली, स्वयंपाकघरात ताटं मांडणीवर खुळखुळली. मनकर्णा पिठाच्या हातांनीच बाहेर धावत आली आणि उंबऱ्यात थबकली.

नागसेननं आवाज कमी केला.

"हा त्याचा आवाज नाई," ती म्हणाली.

"स्पीकर नवे हायेत."

मनकर्णा जवळ आली. तिनं पेटीच्या कडेला तळवा टेकवला. काळ्या रंगावर पिठाचा पंजा उमटला. आतली धडधड हाताला लागत होती. हात न काढता ती कितीतरी वेळ उभी राहिली.

"पेटी तर त्याचीच होय," ती म्हणाली. मग संघप्रियाकडे न बघता, "लग्नात एवढ्या जोरानं नोका लावू. म्हाताऱ्या माणसाईच्या छातीत धडधडते."

संघप्रिया गुडघ्यांत डोकं घालून रडली. नागसेननं अ‍ॅम्प्लिफायर बंद केला.

लग्न विहारासमोरच्या मांडवात झालं. वंदना झाली, हार घातले गेले. दोन्ही पेट्या मांडवाच्या दोन टोकांना वाजत होत्या, बेताच्या आवाजात. राजदीप गडचिरोलीच्या एका दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीवर होता, बोलायला कमी. निघताना तो नागसेनच्या पाया पडला आणि नागसेननं त्याला उठवून छातीशी धरलं. मनकर्णा संघप्रियाला सोडेना. शेवटी नागसेननंच तिचे हात सोडवले.

गाडी गेली. मनकर्णा खुर्चीवर बसून राहिली. मार्कंडा गावची नीलाबाई, राजदीपची लांबची आत्या, मागच्या गाडीची वाट बघत थांबली होती. तिनं मनकर्णाला पाणी आणून दिलं.

"एकुलती एक पोरगी दिसते तुमची, बाई. आता घर खायाले उठन."

मनकर्णा पाणी प्यायली. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"पोरगी नाई जी, सून होय," ती म्हणाली. "माह्या अजयची बायको."