हात बघा

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून गजरेवाल्या हौसाबाईंना स्वतःचा उजवा हात बघितल्याशिवाय सापडत नसे. नजर हलली की तो मांडीवर आहे की फुलांत, कळायचंच नाही. चाळीस वर्षं न बघता बांधलेला गजरा आता डोळे रोखूनही सुटायचा.

"कालचीच फुलं पाणी मारून ठेवलीत ना?" समोर उभी राहिलेली गिऱ्हाईक बाई म्हणाली.

हौसाबाई तडकल्या. "पहाटे बाजारातनं आणलीयात. वास घेऊन बघा की." तिच्या डोळ्यांत डोळे घालून त्या चांगल्या पाच मिनिटं भांडल्या.

शेजारी बसलेल्या सुनेनं हळूच कोपर मारलं. "आत्या, हात बघा."

मांडीवर वीतभर गजरा बांधून झाला होता. एक फूल निसटलं नव्हतं.

हौसाबाईंनी तो गिऱ्हाइकाच्या हातात ठेवला. "पैसे राहू द्या, ताई. उद्या परत भांडायला या."