मानेला विचारा

डोंगरातल्या धुक्यात चुकलेली बायको आपणहून घरी परतली खरी, पण तेव्हापासून तिच्या अंगातली थंडी काही जाईना. लोकर तर तिला जन्मात सोसली नव्हती. अंगाला लागली रे लागली की मान लालबुंद व्हायची. म्हणून नवरा तिला अल्पाका नावाच्या प्राण्याच्या मऊ, न टोचणाऱ्या केसांचा स्वेटर घ्यायला दुकानात घेऊन आला.

दुकानातल्या बाईंची एक रीत होती. अल्पाका दाखवण्याआधी त्या गिऱ्हाइकाच्या मानेला जाडीभरडी लोकर लावायच्या. "हाताला काय कळतंय? मानेला विचारा. आधी हे टोचू दे, मग अल्पाकाची किंमत कळेल."

त्यांनी एक खरखरीत मफलर तिच्या मानेच्या डाव्या बाजूला दाबून धरला. नुसत्या बघण्यानंच नवऱ्याच्या अंगावर काटा आला. ती मात्र शांत उभी होती, हसऱ्या चेहऱ्यानं.

"टोचत नाही तुम्हाला?" बाईंना नवल वाटलं.

"छे! छान ऊब येतेय."

नवऱ्याचा चेहरा उतरला. "अगं, लोकरीचं नाव काढलं तरी तुला खाज सुटायची ना?"

तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. थोडा वेळ पाहतच राहिली.

"अगंबाई, हो की! किती टोचतंय हे!" असं म्हणत ती कराकरा मान खाजवायला लागली.

मफलर अजून डाव्या बाजूलाच होता. ती खाजवत होती उजवी.