चार सर्व्हरची वाटणी

“मग हा चौथा कोणाच्या वाट्याला?” नेटवर्कवाल्याने विचारलं आणि हातातला मार्कर फळ्यापाशी धरून तो थांबला.

फळ्यावर मधोमध उभी रेघ होती. डावीकडे ‘सर’, उजवीकडे ‘मॅडम’. घरांचे नकाशे काढून देणारी ती छोटीशी कंपनी या दोघा नवरा-बायकोने मिळून उभी केली होती आणि आता तिचे दोन तुकडे व्हायचे होते. अर्धी माणसं मॅडमबरोबर नदीपलीकडच्या नव्या जागेत जाणार होती. कुठला सर्व्हर कुठे ठेवायचा, कोणावर कसलं काम टाकायचं, एक आडवा झाला तर दुसऱ्याने कसं सांभाळून घ्यायचं, हे ठरवायला त्याला बोलावलं होतं.

सकाळपासून तो मनातल्या मनात चक्रावला होता. वाटण्या त्याने पुष्कळ पाहिल्या होत्या. एका कंपनीत तर दोन सख्खे भाऊ केबलच्या वेटोळ्यावरून हमरीतुमरीवर आले होते. दुसऱ्यांचं कशाला, तो स्वतः बायकोपासून वेगळा झाला तेव्हा मिक्सरच्या भांड्यांवरून दोघांनी अख्खी दुपार घर डोक्यावर घेतलं होतं. आणि इथे सगळं उलटंच चाललेलं.

“बॅकअपचा सर्व्हर तू घेऊन जा,” सर म्हणाले होते. “नवीन जागा आहे. तिथे लाइटचा काय भरवसा!”

“आणि तुझ्याकडे काही बिघडलं म्हणजे?”

“मी बघेन काहीतरी.”

“तू बघेन म्हणालास की ते राहिलंच म्हणून समजायचं,” मॅडम म्हणाल्या होत्या. “इथेच राहू दे तो. मी नवा घेते.”

शेवटी बॅकअपचा सर्व्हर सरांकडे राहिला, तोही त्यांच्या मनाविरुद्ध. नकाशांचा त्यांच्याकडेच होता. ईमेलचा मॅडमच्या खात्यावर लिहिला गेला आणि त्यावरच त्यांच्या नव्या नकाशांना जागा करायचं ठरलं. बोलता बोलता मॅडमनी सरांच्या कोपराजवळचा कप वायरींपासून लांब सरकवला. तिकडे न बघता, सवयीने. भांडणाचा मागमूस नाही, कुणाचा आवाज चढत नाही. मग ही माणसं वेगळी का होतायत, देव जाणे, असं नेटवर्कवाल्याला वाटून गेलं. एक गोष्ट मात्र त्याच्या लक्षात आली. दोघंही बोलत होते ते फळ्याकडे बघून. एकमेकांकडे नाही.

चौथा सर्व्हर जुना होता. रॅकच्या तळाशी, धूळ खात. रोजच्या कामाचं त्यावर काहीच नव्हतं. नेटवर्कवाल्याने लॅपटॉप जोडून पाहिलं तर एकच फोल्डर, पण त्यानेच निम्मा सर्व्हर व्यापलेला. नाव, ‘ढब्बू’.

“हा कुठला प्रोजेक्ट?” त्याने हसत विचारलं.

“आमचा मुलगा,” सर म्हणाले. “त्याचे फोटो आहेत. व्हिडिओ.”

नेटवर्कवाल्याने फोल्डर न उघडता लॅपटॉप अर्धा मिटला. वाटणीचं खरं घोडं कुठे अडलंय ते त्याला कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं. त्याची मुलगी तिच्या आईकडे असायची. तिचे फोटो यायचे ते आईला आठवण झाली तर. लेकीचे पुढचे दात पडल्याचं त्याला समजलं, तोवर नवे दात आलेसुद्धा होते.

“हा दोघांकडे राहील, असं काही करता येईल का?” मॅडमनी विचारलं.

“येईल का म्हणजे? हे माझ्यावर सोडा.” नेटवर्कवाल्याला हुरूप आला. त्याने बोटानेच उभी रेघ मध्ये थोडी पुसली आणि त्या मोकळ्या जागेत मोठा चौकोन काढला, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. “हा जुना सर्व्हर दुरुस्त करून मॅडमकडे देतो. सर, तुमच्यासाठी बॅकअपवर जागा काढतो. फोल्डर दोन्हीकडे. मॅडमनी तिकडे फोटो टाकला की तो आपोआप इथे येणार. तुम्ही इथे टाकलात की तिकडे जाणार. कोणी कोणाकडे मागायला नको, कोणी पाठवायला विसरायला नको.”

“एवढं नको,” सर हळूच म्हणाले. “नुसत्या दोन प्रती करून द्या.”

“नुसत्या प्रतींनी कसं भागेल, सर? माझं ऐका, मी यातून गेलोय. चार महिन्यांनी इकडचं तिकडे नसतं आणि मग जीव तुटतो.” तो जरा थांबला. परक्यांपुढे नको तेवढं बोलून गेलो, असं त्याला वाटलं. मग घाईने कामावर आला. “आणि जागाही भरपूर सोडतो. शाळा, सहली, उद्या कॉलेज. पोरांचे फोटो काय थांबतात होय? हा फोल्डर वाढतच जाणार. आता फक्त एवढं सांगा, दोन्हीकडचं दर तासाला जुळवायचं की रोज एकदा?”

उत्तर लिहून घ्यायला त्याने मार्कर फळ्यापाशी धरला.

त्याने सरांकडे पाहिलं. सरांनी सकाळपासून पहिल्यांदाच फळ्यावरची नजर काढून बायकोकडे वळवली होती. मॅडमनी हात पुढे करून त्यांच्या मनगटावर ठेवला, ते घट्ट धरलं, आणि मग नेटवर्कवाल्याला समजावून सांगितलं,

“एकदाच करा. तो आता वाढणार नाही.”