नोंदवलेला पत्ता

थेल्माला मूठमाती देऊन आल्यावर लेस्टरने थेट रुग्णवाहिकेच्या कचेरीत फोन लावला.

“माझ्या बायकोनं पडल्यावर तुम्हालाच फोन केला होता. मी दुकानातून आलो तेव्हाही फोन तिच्या मुठीत होता. कुठे उलथला होता तुम्ही?”

“आलो होतो हो, आजोबा,” पलीकडची बाई म्हणाली. “त्यांची वाचा गेली होती, म्हणून नंबरावर नोंदवलेल्या पत्त्यावर लगेच गाडी धाडली. दार फोडून खोली न् खोली धुंडाळली. बर्नी गावातलं ते घर रिकामंच होतं.”

बर्नी सोडून ती दोघं केव्हाच होबार्टला आली होती. इंटरनेटवरचा बिनतारी फोन नव्या घरात जोडून देणारा कंपनीचा माणूस लेस्टरला आठवला आणि त्याच्या कपाळाची शीर तडतडली.

“नंबर तोच राहतो, आजोबा,” तो हसत म्हणाला होता, “तुम्हाला काही म्हणजे काही करायला नको.”