दोनशे बारा पावलं

सुब्रमण्यमच्या खांद्यावर शाल पडली तशी मांडवातली सगळी माणसं उभी राहिली. तिसऱ्या रांगेतले रंगराव तेवढे बसून राहिले.

"उठा की," कनकलता कुजबुजली.

"गुडघा दुखतो," रंगराव बायकोकडे न बघता म्हणाले.

तिरुचीकडून येऊन तंजावरातून जाणारा हमरस्ता आजपासून नव्या रूपात खुला होत होता. दोन्ही बाजूंना फुटपाथ, फुटपाथाला लागून सायकलींची वाट, शाळेपुढे रस्ता ओलांडायला उंचवटा. हे सगळं रंगरावांनी कधीच कागदावर उतरवलं होतं. चित्रकलेच्या मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर नऊ वर्षं ते टेप घेऊन हा रस्ता मोजत आले होते. लॉऱ्या वाढल्या, मारुती गाड्या वाढल्या, तसतसे त्यांनी नकाशे नव्याने काढले, आणि दर पोंगलनंतर एक संच कचेरीत नेऊन दिला. तिथला कारकून तो हसून घ्यायचा आणि कपाटावर टाकायचा.

मग गेल्या वर्षी सुब्रमण्यम शिंप्याची साईप्रिया टायपिंगच्या क्लासहून सायकलवर परतताना लॉरीखाली गेली. सोळा वर्षांची पोर. कॉलेजची मुलं दोन दिवस रस्त्यावर बसली, आणि तीन महिन्यांत खडी येऊन पडली.

कलेक्टरबाई माइकवरून तमिळमध्ये म्हणाल्या, "हा रस्ता या एका बापाचा आहे."

रंगरावांच्या जिवाचा जळफळाट झाला. याचा रस्ता? याला रस्त्याची रुंदी तरी ठाऊक आहे का? या रस्त्यासाठीच्या अर्जावर सही कर म्हणून आपण त्याच्या दुकानाची पायरी चढलो, तर मशीनवरून मान वर न करता म्हणाला होता, "गर्दी आहे, अण्णा, मागाहून या."

आणि त्या मागोमाग आणखी एक विचार आला. आपल्या घरातलं कोणी गेलं असतं, तर आज ती शाल...

त्यांनी तो तिथंच दाबला. पण तो आला होता. शेजारी कनकलता टाळ्या वाजवत होती. तिच्या हातातल्या बांगड्यांकडे त्यांना बघवेना.

कार्यक्रम आटोपला, माणसं कॉफी आणि केसरी शिऱ्याच्या टेबलाकडे वळली. रंगराव मागच्या बाजूने सटकत होते, तेवढ्यात सुब्रमण्यमने त्यांना गाठलं. शाल त्याने घडी करून काखेत मारली होती.

"अण्णा, तुमाला हा रस्ता पाठ आहे म्हणतात."

"कोण म्हणतं?" रंगरावांचा आवाज त्यांना वाटला त्याहून कडक निघाला.

"सगळेच." सुब्रमण्यमने काखेतली शाल सावरली. "माझी पोर पडली ती जागा मला सापडत नाही. तिथं विजेचा खांब होता, त्याला रोज फूल बांधायचो. खांब काढला, रस्ता उंच केला, चहाची टपरी पण हलवली. आठ दिवस फिरतोय. कलेक्टरबाईंना काय विचारू हे?"

तो खांब रंगरावांच्या प्रत्येक नकाशात होता. ते रस्त्याखालच्या जुन्या मोरीपाशी गेले, कठड्याला टाच लावली आणि पावलं मोजत निघाले. सुब्रमण्यम दोन हात मागून, मोजणी चुकू नये म्हणून श्वाससुद्धा जपून घेत चालला. दोनशे बाराव्या पावलावर रंगराव थांबले.

"इथं."

ती जागा सायकलींच्या वाटेच्या बरोबर मध्ये आली होती. डांबर नवं, काळंभोर, उन्हाने मऊ झालेलं. सुब्रमण्यम खाली बसला. त्याने तळवा टेकवला, चटका बसला तरी उचलला नाही.

मागून घंटी वाजली. मग तीन घंट्या एकदम.

"तात्ता, ओरमा पोंगा!" आजोबा, बाजूला व्हा म्हणून पोरी ओरडत होत्या. शाळेचे निळे परकर, दुमडून बांधलेल्या वेण्या, तिघी एका ओळीत.

रंगरावांनी सुब्रमण्यमला दंडाला धरून उठवलं आणि फुटपाथावर ओढलं. सायकली सरसर करत त्या जागेवरून निघून गेल्या.

"भारी जोरात जातात हो," सुब्रमण्यम म्हणाला.

रंगरावांनी त्याचा दंड सोडला नव्हता.