कडक फ्रेमची सायकल

या, असे पुढे सरकून बसा. आज देवाची नाही, सायकलीची गोष्ट सांगतो. वाटेत देव भेटलाच, तर हात जोडू.

दुकानदाराने दोन ग्रॅव्हल सायकली, म्हणजे खडीच्या वाटेवर चालवायच्या, बाहेर काढल्या. दुकानामागच्या गल्लीत खडी पसरलेली होती. खडीवर चालवल्याशिवाय तो कुणाला सायकल विकतच नसे.

"दोन्हींना टायर तेच, हवा तीच. फरक फ्रेममधल्या कार्बनच्या धाग्याचा," तो म्हणाला. "ही वरच्या दर्जाची. धागा कडक, उचलायला फूल. पण खड्या न् खड्याचा हादरा हातात येतो. ही साध्या दर्जाची, जराशी जड. पण बिचारी हादरे पोटात घालते. मावशी, तुम्हाला हीच बरी."

मावशी नुकतीच मोठ्या आजारातून उठली होती. औषधांनी तिचा जीव राखला, पण हातांचे दोन्ही तळवे बधिर करून टाकले. म्हणून भाची सोबत आली होती.

मावशी साध्या सायकलवरून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली.

"कशी वाटली?"

"गादीवर बसून आल्यासारखी. ती कडक दे."

"अगं, जग गादी मागतं आणि तू खडे मागतेस!" भाची म्हणाली.

"गादीवर खूप झोपले, बाई."

"आणि ब्रेक दाबला गेला की नाही, हे कसं कळणार तुला?"

"बघून दाबीन. सगळं बघूनच तर करते. परवा तुझ्या लेकीने माझं बोट धरलं, तेही खाली बघितलं तेव्हा कळलं."

दुकानदाराने कडक सायकलची सीट खाली केली.

मावशी निघाली. चाकांखाली खडी करकरत होती. दोन्ही हात हँडलवर, नजर हातांवर. मग हळूच तिने नजर उचलली आणि समोर पाहिलं. गल्लीच्या टोकाला जाऊन ती थांबली. वळली नाही. पाठमोरी तशीच उभी.

भाची धावत गेली. "काय झालं? दुखतंय का?"

"दुखलं असतं तर पेढ्यासारखं गोड लागलं असतं गं."

"मग?"

"उजव्या तळव्यात... लांबच्या खोलीत कुणीतरी दार वाजवावं ना, तसं झालं. एकदाच. की मला नुसतं वाटलं, कोण जाणे."

भाचीने तिच्या तळव्यावर हात ठेवला. मावशीने खाली पाहिलं, नाही अशी मान हलवली. मग भाचीचा हात हलकेच बाजूला केला, सायकल वळवली आणि पुन्हा खडीवर घातली.

तर मंडळी, कधी तुमच्या हाताला मुंग्या आल्या, तर झटकायच्या आधी क्षणभर थांबा, आणि त्या मावशीची आठवण काढा.